देवळाचा त्रिकोण घरावर कसा आला

ज्युलियस सीझरच्या खुनाच्या आदल्या रात्री त्याची बायको कॅल्पुर्निया झोपेत कण्हत होती, असं रोमन चरित्रकार सांगतात. घराच्या दर्शनी बाजूचा त्रिकोण कोसळल्याचं स्वप्न तिला पडलं होतं. स्वप्न खरं की मागाहून रचलेलं, हा वाद इथे नको. मला त्या गोष्टीतला त्रिकोण महत्त्वाचा वाटतो. खांबांनी पेललेला हा त्रिकोण, म्हणजेच पेडिमेंट, रोममध्ये देवळाचा असे. माणसाच्या घरावर तो चढवणं हा सिनेटने सीझरला दिलेला खास मान होता. सीझर गेल्यावर वक्ता सिसेरोने सीझरचा सहकारी अँटनी याच्यावर जी जहरी टीका केली, तिच्यात सीझरला मिळालेल्या देवासारख्या मानांची यादी आहे. त्या यादीत हा त्रिकोणही आहे.

इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्या गोष्टीसाठी सिनेटची मंजुरी लागत होती, तीच पुढे इंग्लंडमधल्या व्यापाऱ्यांच्या घरांना, कलकत्त्याच्या गव्हर्न्मेंट हाउसला आणि मुंबईच्या टाउन हॉलला मिळाली. हे कसं घडलं याचा माग काढत गेलं, की मधोमध एका थोर वास्तुकाराचं चुकीचं अनुमान उभं असलेलं दिसतं.

पण सुरुवात त्याच्याही फार आधीची, आणि ती पावसाची आहे. दोन्ही अंगांना उतरतं छप्पर घातलं की त्याच्या तोंडाशी त्रिकोण आपोआप तयार होतो. ग्रीकांची सुरुवातीची देवळं लाकडाची आणि कच्च्या विटांची होती. पुढे ती दगडात बांधली जाऊ लागली, पण सुतारकामाच्या खुणा पाथरवटांनी सोडल्या नाहीत. डोरिक पद्धतीच्या इमारतीत खांबांच्या वरच्या आडव्या पट्टीवर ठरावीक अंतराने उभ्या खाचांचे चौकोन दिसतात. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो की ती मुळात लाकडी तुळयांची टोकं. सुतार ती कापून सारखी करत आणि त्यांच्यावर रंगवलेल्या फळ्या ठोकत. चौकोनांखाली ओळीने लोंबणारे दगडी थेंब म्हणजे लाकडी खुंट्यांची आठवण, असं मानतात.

ऑलिम्पियाला हेरा देवीचं देऊळ आहे, इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमाराचं. आज तिथे पडझडीत उभे असलेले खांब नीट पाहिले तर ते एकमेकांशी जुळत नाहीत. कुणाची जाडी कमी, कुणाची जास्त. कुणाचं शीर्ष उशीसारखं पसरट, कुणाचं ताठ. कारण मुळातले लाकडी खांब कुजतील तसे एकेक करून बदलले गेले आणि प्रत्येक पिढीने आपल्या काळच्या रिवाजाचा दगडी खांब बसवला. पाउसानियस हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेला, तेव्हा देवळाच्या मागच्या ओवरीत ओकच्या लाकडाचा एक खांब अजून टिकून होता. देऊळ बांधून तोवर सातशे वर्षं उलटली होती. लाकडातून दगडात जाण्याचा प्रवास एकाच इमारतीत इतका उघड क्वचित दिसतो.

गरजेतून आलेला आकार शोभेचा कधी झाला, हेही सिसेरोच नोंदवून ठेवतो. रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या देवळाबद्दल त्याचं म्हणणं असं, की त्याचा त्रिकोण पावसाच्या निचऱ्यासाठी जन्माला आला खरा, पण पाऊसच नसलेल्या स्वर्गात ते देऊळ बांधलं तरी त्रिकोणावाचून त्याला रुबाब येणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं पॅन्थिऑन हा त्या रुबाबाचा कळस. पुढ्यात सोळा खांब, एकेक खांब अखंड ग्रॅनाइटचा आणि जवळजवळ बारा मीटर उंच. इजिप्तच्या वाळवंटातल्या खाणींतून काढून नाईलमार्गे, मग समुद्रावरून ते रोमला आणले. तरीही हिशेब कुठेतरी चुकला असावा. आजच्या त्रिकोणामागे विटांच्या भिंतीवर आणखी एका, जास्त उंच त्रिकोणाची खूण आहे. ठरवलेले लांब खांब मिळाले नाहीत म्हणून आखूड खांबांवर निभावून नेलं, असं काही अभ्यासक मानतात.

पुढे हजारएक वर्षं हा आकार रोमच्या अवशेषांत पडून राहिला. पंधराव्या शतकाच्या शेवटी लोरेन्झो द मेदिचीसाठी जुलियानो द सांगाल्लोने पोज्जो आ कायानोच्या वाडीतल्या घराला देवळाचा दर्शनी भाग लावला. पहिला मान त्या घराचा. पण या कल्पनेची रीत झाली ती आंद्रेआ पॅलाडिओमुळे.

पॅलाडिओ १५०८ मध्ये पादुआला जन्मला, पाथरवटाच्या हाताखाली शिकला आणि विचेन्झात आला. तिथल्या जानजोर्जो त्रिस्सिनो या विद्वान उमरावाने त्याच्यातला कस ओळखला, त्याला नवं नाव दिलं आणि रोमला नेलं. पॅलाडिओने तिथले अवशेष टेप लावून मोजावेत तसे मोजून काढले. त्याच काळात व्हेनिसचे सरदार मुख्य भूमीवर पैसा गुंतवत होते. मसाल्याचा व्यापार पूर्वीसारखा निर्धोक राहिला नव्हता आणि दलदली सुकवून शेती केली तर धान्याला भाव होता. या जमीनदारांना शेतावर राहण्यासाठी घर हवं होतं. मधोमध मालक, दोन्ही बाजूंच्या लांबट पडव्यांत अवजारं, गुरं, गवत आणि माळ्यावर धान्य. घर मुळात शेतकऱ्याचं, पण मालक व्हेनिसचा सरदार. त्याची सरदारी लांबून दिसावी म्हणून पॅलाडिओने मधल्या भागाला देवळाचे खांब आणि त्रिकोण दिले.

हे योग्य का, याचं उत्तर त्याने १५७० मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या चार भागांच्या ग्रंथात दिलं आहे. या दर्शनी भागामुळे प्रवेश कुठून ते कळतं, इमारतीला भव्यता येते आणि मालकाचं घराण्याचं चिन्ह कोरायला त्रिकोणात जागा मिळते, हे त्याचे व्यवहारी मुद्दे. त्यापुढे तो इतिहासात शिरतो. माणूस आधी एकटा राहत होता, मग घरं झाली, घरांची गावं झाली, देवळं नंतर आली. म्हणजे देवळांनी हा आकार घरांकडूनच घेतला असला पाहिजे. प्राचीन घरांना असेच खांब आणि त्रिकोण असणार, आणि आपण फक्त घराचं घराला परत देत आहोत.

युक्तिवाद सुबक आहे. पुरावा मात्र एकही नव्हता. पॅलाडिओच्या काळी देवळं, स्नानगृहं, कमानी उभ्या होत्या, पण रस्त्याकडून पाहता येईल असं रोमन घर कुठेच उरलं नव्हतं. त्याने रिकामी जागा तर्काने भरली. सीझरच्या घरावरचा त्रिकोण अपवाद होता म्हणूनच त्याची चर्चा झाली, हे त्याच्या तर्कात बसलं नाही. १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पॉम्पेई उकरायला सुरुवात झाली आणि खरी रोमन घरं उजेडात आली. रस्त्याकडे साध्या भिंती, मधे दार, आत गेल्यावर उघडा चौक आणि चौकाभोवती खोल्या. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला ते घर लगेच ओळखीचं वाटेल. वैभव सगळं आत, बाहेर काही नाही. पॅलाडिओचं अनुमान साफ कोसळलं. पण तोवर दोनशे वर्षं होत आली होती आणि त्याच्या पुस्तकावरून युरोपभर घरं उभी राहिली होती. ती पाडून टाकावीत असं कुणालाही वाटलं नाही, आणि वाटायला नकोच होतं. त्या चुकीने जगाला काही अतिशय सुंदर घरं दिली, हे माझं स्पष्ट मत आहे.

त्यातलं सर्वांत प्रसिद्ध विचेन्झाबाहेरच्या टेकडीवरचं रोटोंडा. पोपच्या दरबारातून निवृत्त झालेल्या पाओलो आल्मेरिकोसाठी १५६६-६७च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं. चारही दिशांना देखावा चांगला, म्हणून चारही बाजूंना सहा-सहा खांबांचे पोर्टिको, म्हणजे खांबांनी पेललेल्या दर्शनी ओवऱ्या, आणि त्यांच्यावर त्रिकोण. लांबून ते संगमरवराचं वाटतं. जवळ गेलं की कळतं, खांब विटांचे आहेत. विटा पाचरीच्या आकाराच्या पाडून गोल रचायच्या, वर चुन्याचा गिलावा चढवायचा आणि तो दगडासारखा दिसेपर्यंत घोटायचा. दगड वापरला तो मुख्यतः तळखड्याला आणि शीर्षाला, म्हणजे जिथे कोरीव काम आहे तिथे. पॅलाडिओ स्वतः पाथरवट. दगडाची मजुरी काय पडते ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. देवळाचं रूप विटेच्या खर्चात देण्याची ही युक्ती त्याच्या तर्कापेक्षा जास्त टिकली. ती हिंदुस्थानापर्यंत आली.

इंग्लंडात हा आकार नेला इनिगो जोन्सने. १६१३-१४ मध्ये तो इटलीभर पॅलाडिओचा ग्रंथ हातात घेऊन हिंडला आणि जे जे पाहिलं त्याच्या नोंदी समासात करत गेला. ती प्रत आजही ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात आहे. त्याचा शिष्य जॉन वेब याने १६५४च्या सुमारास हॅम्पशरमधल्या द वाइन या जुन्या विटांच्या घराला पोर्टिको लावला. इंग्लंडमधल्या ग्रामीण हवेलीला लागलेला हा पहिला पोर्टिको मानतात. जुन्या घराच्या अंगावर तो स्पष्ट वेगळा दिसतो.

खरी लाट अठराव्या शतकात आली आणि तिच्या तोंडाशी जे घर उभं राहिलं त्याचा मुंबईशी संबंध आहे. लंडनजवळच्या वॉन्स्टेड हाउसचं काम १७१५च्या सुमारास कोलेन कॅम्पबेलने सुरू केलं. सहा खांबांच्या त्याच्या भव्य पोर्टिकोची नक्कल पुढे अनेकांनी केली. घर बांधवून घेणारा रिचर्ड चाइल्ड हा सर जोसाया चाइल्डचा मुलगा. जोसाया ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता आणि औरंगजेबाशी कंपनीने १६८६ ते १६९० या काळात जे युद्ध ओढवून घेतलं ते लंडनमध्ये बसून त्यानेच रेटलं. त्याची झळ मुंबईला बसली. १६८९ मध्ये सिद्दी याकूतची फौज शिवडीला उतरली, माझगाव-माहीम तिच्या ताब्यात गेलं आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. शेवटी कंपनीने बादशहाची माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरला. मुंबईची ही अवस्था झाली तरी चाइल्डांची संपत्ती शाबूत राहिली, आणि पुढच्या पिढीत तिच्यातून खांब आणि त्रिकोण उभे राहिले. पोर्टिकोची घडण पाहताना आपण प्रमाण आणि शैली पाहतो. पैसा कुठून आला हेही पाहायला हवं. यॉर्कशरचं हेअरवुड हाउस वेस्ट इंडीजच्या साखरेवर, म्हणजे गुलामांच्या राबण्यावर उभं राहिलं. या घरांची यादी लांब आहे.

लॉर्ड बर्लिंग्टनने तर १७१९ मध्ये इटलीत जाऊन पॅलाडिओची मूळ रेखाटनं विकत आणली आणि १७२०च्या दशकात लंडनजवळ चिझिकला रोटोंडाच्या धर्तीवर आपलं घर बांधलं. इटलीच्या उन्हात सावली देणारा पोर्टिको इंग्लंडच्या गारठ्यात काही उपयोगाचा नव्हता, हे लोकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. कवी अलेक्झांडर पोपने बर्लिंग्टनलाच उद्देशून लिहिलेल्या काव्यपत्रात, कुडकुडत बसण्यात प्रतिष्ठा मानणाऱ्या अनुकरणकारांना फटकारलं आहे. तरी खांब वाढतच गेले, कारण त्यांचं काम सावलीचं राहिलंच नव्हतं. घर कुणाचं आहे ते फाटकातूनच सांगणं, हे त्यांचं काम होतं.

हिंदुस्थानात आलेली सगळ्यात ठसठशीत वाट डर्बीशरमधल्या केडल्स्टन हॉलवरून येते. नथॅनिएल कर्झनचं हे घर, १७५९ नंतर बांधलेलं. मधे मोठी इमारत आणि वळणदार मार्गिकांनी जोडलेल्या बाजूच्या छोट्या इमारती, ही त्याची मांडणी पॅलाडिओच्या ग्रंथातल्या, प्रत्यक्षात कधी न बांधलेल्या एका घराच्या नकाशावरून घेतलेली. चाळीस वर्षांनी गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यात गव्हर्न्मेंट हाउस बांधायला काढलं तेव्हा कॅप्टन चार्ल्स वायटने केडल्स्टन समोर ठेवलं. व्हेनिसच्या छापखान्यातला कागद डर्बीशरमार्गे असा हुगळीच्या काठी पोचला. खांब पुन्हा विटांचे, गिलावा पुन्हा चुन्याचा. वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावाची सही ३१ डिसेंबर १८०२ ला झाली आणि महिन्याच्या आत, जानेवारी १८०३ मध्ये, या नव्या इमारतीत थाटाचा नाच झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात असईची लढाई झाली. लंडनच्या संचालकांना बांधकामाचा खर्च पाहून संताप आला, पण वेलस्लीला हवं ते मिळालं होतं. आता ते व्यापारी पेढीचं ऑफिस दिसत नव्हतं, राज्यकर्त्याचं घर दिसत होतं. १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून तिथे राहायला आलेला लॉर्ड कर्झन त्याच केडल्स्टनच्या घराण्यातला.

या वेलस्लीच्या सख्ख्या पुतण्याने पुढे वॉन्स्टेडच्या वारसदार मुलीशी लग्न केलं. त्याच्या कर्जापायी १८२२ मध्ये घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि दोन-तीन वर्षांत खुद्द घर पाडून दगड-विटा विकल्या गेल्या. कंपनीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या त्या मोठ्या पोर्टिकोचा शेवट असा झाला.

कलकत्त्यापाठोपाठ हैदराबादेत जेम्स कर्कपॅट्रिकने रेसिडेन्सी बांधली, निजामाच्या पैशाने. सहा कोरिंथियन खांब, समोर रुंद पायऱ्या, दोन्ही अंगांना सिंह. आणि वरच्या त्रिकोणात ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह. घराण्याचं चिन्ह कोरायला त्रिकोणात जागा मिळते, असं पॅलाडिओने विचेन्झाच्या जमीनदारांसाठी लिहिलं होतं. इथे त्या जागेवर एका कंपनीने हक्क सांगितला आणि मान निजामाच्या राजधानीत मिरवला.

एव्हाना खुद्द ग्रीसची मोजमापं छापून आली होती. स्टुअर्ट आणि रेव्हेट यांच्या अथेन्सवरील ग्रंथाचा पहिला खंड १७६२ चा. त्यानंतर रोमन नजाकतीऐवजी ठेंगणे, भक्कम डोरिक खांब आवडू लागले. अमेरिकेत जेफरसनने व्हर्जिनियाच्या विधानभवनासाठी फ्रान्समधल्या नीम इथल्या रोमन देवळाचा नमुना घेतला, आणि देवळाचा दर्शनी भाग लोकसत्तेच्या इमारतीला चालतो हे ठरून गेलं. मग बँका, कोर्टं, संग्रहालयं सगळ्यांनीच तो घेतला.

मुंबईच्या टाउन हॉलची कल्पना याच हवेत वाढली. १८०४ मध्ये लिटररी सोसायटी स्थापन करणाऱ्या सर जेम्स मॅकिंटॉशने १८११ मध्ये ती मांडली. लॉटरी काढून पैसा उभा करायचा प्रयत्न झाला, तो पुरला नाही, सरकारला हात घालावा लागला आणि बॉम्बे इंजिनियर्सच्या कर्नल थॉमस कूपरने आखलेली इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. तीस पायऱ्या, वर आठ डोरिक खांब. दगड इंग्लंडहून जहाजाने आला. काही खांब इथे बसले नाहीत म्हणून भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला लागले, असं सांगतात. शेजारच्या टाकसाळीलाही पोर्टिको आहे. १८५८ च्या १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा मुंबईकरांना याच टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून वाचून दाखवला गेला. सीझरच्या दारावर देवत्व सांगणारा आकार तोवर राज्य कुणाचं ते सांगू लागला होता.

मुंबईत ही पद्धत फार काळ चालली नाही. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि नव्या सरकारी इमारती गॉथिक धाटणीच्या झाल्या. टोकदार कमानींपुढे त्रिकोण मागे पडला. पण पोर्टिको दुसऱ्या वाटेने घरोघर शिरला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी त्याला जमिनीवर उतरवून पुढे ओढलं, म्हणजे पालखी किंवा बग्गी थेट त्याच्याखाली यावी आणि माणूस ऊन-पाऊस अंगावर न घेता घरात शिरावा. त्रिकोण बहुतेक ठिकाणी गळाला, वर सपाट गच्ची आली. जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टरच्या बंगल्याला जो पोर्च असतो तो हा. तिथून तो वकील-डॉक्टरांच्या बंगल्यांना लागला आणि आज स्कूटर, तुळशीवृंदावनाची कुंडी आणि चपलांचं कपाट सांभाळणारा आपल्या घराचा पोर्चही त्याच घराण्यातला. इंग्लंडच्या गारठ्यात बिनकामाचा ठरलेला हा आकार मोसमी पावसात पुन्हा कामाला लागला, आणि त्याच्या सगळ्या अवतारांत मला हाच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

जिल्ह्याजिल्ह्यांत अजून अशा खांबांच्या जुन्या कचेऱ्या, शाळा, दवाखाने, बंगले आहेत. त्यांच्या इंजिनियरांची नावं काही ठिकाणी तरी राहिली. पाचरीच्या विटा पाडणाऱ्यांची आणि चुना घोटणाऱ्यांची बहुधा राहिली नाहीत. त्या खांबांवर आज सिमेंटचा गिलावा चढतो, तो खालच्या चुन्याला श्वास घेऊ देत नाही, ओल आत कोंडते आणि वीट भुसभुशीत होते. मग इमारत धोकादायक ठरवून पाडली जाते. तुमच्या गावात असा पोर्टिको असेल तर त्याचा फोटो काढा, बांधकामाचं वर्ष शोधून लिहून ठेवा आणि डागडुजीचं काम निघालं तर चुन्याचं काम जाणणारा गवंडी बोलवायचा आग्रह धरा.